स्पोर्ट्स कारची मागची नंबर प्लेट आणि तिचा दिवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात दोन दारांच्या, जमिनीला टेकलेल्या गाड्या आता नवलाईच्या राहिल्या नाहीत. पण त्यांच्या मागच्या बाजूला एक साधी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बसवायची म्हटली, की भल्याभल्यांना घाम फुटतो. मी वायरिंग आणि फिटिंगची कामं करतो. फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केलेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्या भाषेत ठेवलेत, टोमणे माझे.

१. प्लेटला दिवा असायलाच हवा का? एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) तर स्वतःच चमकते ना?

हवाच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०५ म्हणतो, की मागचा संपूर्ण नंबर पांढऱ्या प्रकाशात उजळला पाहिजे आणि मागून १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. त्यासाठी वेगळा दिवा लावा किंवा टेललॅम्पमधूनच पांढरा प्रकाश खाली पाडा, दोन्ही चालतं.

चमकण्याचं म्हणाल, तर प्लेटवरची फिल्म प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवते. तुमच्या मागच्या गाडीच्या हेडलाइटमध्ये ती चमकते आणि ती त्या ड्रायव्हरला दिसते. फुटपाथवर उभा असलेला माणूस, चौकातला हवालदार यांच्या डोळ्यांशी हेडलाइट नसतो. त्यांच्यासाठी ती काळोखातली पट्टीच.

२. छोटी, सुबक प्लेट करून मिळेल का? गाडीच्या डिझाइनला शोभेल अशी?

नाही. चारचाकीसाठी दोनच मापं आहेत: ५०० × १२० मिलिमीटर आणि ३४० × २०० मिलिमीटर. अक्षरांची उंची ६५, जाडी १० आणि मधली फट १० मिलिमीटर. प्लेट १ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमची असते. डाव्या कोपऱ्यात २० × २० मिलिमीटरचा अशोकचक्राचा होलोग्राम, निळ्या रंगात आयएनडी आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो. यातलं काहीही तुमच्या आवडीनुसार बदलत नाही. बदलायची असते ती प्लेटची बैठक, म्हणजे ब्रॅकेट. या पानावरची निम्मी उत्तरं याच एका वाक्यातून निघाली आहेत.

३. माझी गाडी २०१९ च्या आधीची आहे. मलाही एचएसआरपी?

हो. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती कंपनीकडूनच येते. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात ऑनलाइन बुकिंग करून ठरलेल्या केंद्रावर बसवून घ्यावी लागते. चारचाकीचा दर ७४५ रुपये, वर जीएसटी. मुदत २०२५ मध्ये इतक्या वेळा पुढे गेली, की लोकांनी ती मनावर घेणंच सोडलं होतं. एमएच १२ असो वा एमएच १४, नियम एकच.

केंद्रावर जाण्याआधी प्रश्न ४ प्रमाणे गाडीवर माप घेऊन जा. तिथल्या मुलाला रोज पन्नास हॅचबॅक करायच्या असतात. तुमच्या गाडीच्या मागे प्लेटची खोबण केवढी आहे, हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही.

४. प्लेट खोबणीत बसतच नाही. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. गाडी ज्या देशासाठी बनली, त्या देशाच्या प्लेटच्या मापाची ती खोबण आहे. युरोपात प्लेट साधारण ५२० × ११० मिलिमीटरची. आपली ५०० × १२० त्यात लांबीला २० ने कमी आणि उंचीला १० ने जास्त. जपानी प्लेट ३३० × १६५ ची, म्हणजे आपली ३४० × २०० तिथे रुंदीला १० आणि उंचीला ३५ मिलिमीटर बाहेर. अमेरिकी प्लेट ३०५ × १५२ ची, तिथे तर आपली कुठलीच नीट जात नाही.

युरोपी गाडीत १० मिलिमीटरचा प्रश्न स्पेसरवर सुटतो. प्लेट खोबणीच्या कडेच्या बाहेर येईल इतकी, म्हणजे १० ते १२ मिलिमीटर, पुढे आणायची. जपानी गाडीत घाई करू नका. तिथे प्लेटच्या वरच बूट (डिकी) उघडायचं बटण आणि दिवे असतात. २०० ची प्लेट वर सरकवली तर बटण झाकतं, खाली सरकवली तर खालची ओळ अंधारात जाते (प्रश्न ९). अशा गाडीला खोबणीबाहेर, ब्रॅकेटवर ५०० × १२० ची आडवी प्लेट बहुतेक वेळा जास्त चांगली दिसते.

काहीही ठरवण्याआधी पुठ्ठ्याचा तुकडा अचूक मापात कापा, मास्किंग टेपने चिकटवा, बूट दोनदा उघडबंद करा, दिवे लावा आणि मागे जाऊन बघा. दहा मिनिटांचं काम आहे. ते टाळून थेट ड्रिल हातात घेणाऱ्यांचे फोन मला सगळ्यात जास्त येतात.

५. मागे नंबर दोन ओळींतच हवा असं कोणीतरी म्हणालं. आडवी चालेल का?

नियम ५० मध्ये मागे दोन ओळी ही मूळ अपेक्षा आहे: वर राज्य आणि कार्यालयाचा कोड, खाली उरलेलं. पण मागे तेवढी जागाच नसलेल्या मॉडेलना एका ओळीची मुभा त्याच नियमात दिली आहे. स्पोर्ट्स कार सहसा त्यातच मोडते.

६. फिटर म्हणतो बूटला भोक पाडावं लागेल. पाडू देऊ का?

आधी त्याला ड्रिल खाली ठेवायला सांगा. बहुतेक गाड्यांत खोबणीच्या आत दोन किंवा चार मूळ भोकं असतात, प्लास्टिकच्या टोप्यांनी बुजवलेली. ती आपल्या प्लेटच्या भोकांशी जुळत नाहीत, एवढाच त्यांचा दोष. म्हणून मध्ये एक पत्र्याचा किंवा एबीएस प्लास्टिकचा बेस घ्यायचा. बेस गाडीच्या मूळ भोकांत बोल्टने आणि प्लेट बेसवर स्नॅप लॉकने (एकदा बसला की तोडूनच निघणारा खिळा). गाडीला नवं भोक शून्य.

माझ्याकडे आलेल्या एका लाल रोडस्टरची गोष्ट सांगतो. एका फिटमेंटवाल्याने सरळ बूटच्या बाहेरच्या पत्र्यात दोन भोकं पाडली होती. ड्रिल आत शिरलं ते वायरिंगच्या प्लास्टिक नळीपासून जेमतेम बोटभर अंतरावर. भोकाच्या कडेला प्रायमर नाही, ग्रोमेट (भोकात बसणारं रबरी कडं) नाही. दोन पावसाळ्यांनंतर प्लेटच्या खालून तपकिरी ओघळ यायला लागले. मालकाला वाटलं प्लेट गंजली. अ‍ॅल्युमिनियम असं तपकिरी गंजत नाही, साहेब. तो तुमच्या बूटचा पत्रा होता.

भोक पाडणं अटळच असेल, तर ते बंपरच्या प्लास्टिकमध्ये पाडा. पत्र्यात पाडायचंच झालं, तर आतून काय जातं ते ट्रिम काढून बघा, ड्रिल किती खोल जाऊ द्यायचं याची त्यावर टेप लावून खूण करा, उघड्या कडेवर प्रायमर आणि वर रंगाचा हात द्या, मग रबरी ग्रोमेट बसवा.

७. डबल साइड टेपने चिकटवली तर?

एप्रिलमध्ये उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाडीच्या बूटला हात लावून बघा. शिवाय एचएसआरपीला एकदाच वापरता येणारे स्नॅप लॉक बंधनकारक आहेत, टेप त्यांची जागा घेत नाही. लॉकच्या जोडीला, प्लेट खडखडू नये म्हणून मागे फोमच्या दोन पट्ट्या लावा. तेवढ्यापुरती टेप उत्तम.

८. प्लेट वरच्या बाजूला झुकलेली दिसते. चालेल?

खोबणच तिरकी असेल तर थोडा झुकाव येणार. युरोपी नियमांत प्लेटचा चेहरा वर आकाशाकडे ३० अंशांपर्यंत कललेला चालतो. मूळ गाडी त्या हिशोबाने बनलेली असते आणि दिवेही त्याच कोनासाठी लावलेले असतात. गडबड होते ती बाहेरून घेतलेला डिफ्यूझर (मागच्या बंपरखालचा पंख्यांसारखा भाग) लावल्यावर. प्लेट बंपरच्या पोटाखाली जाते आणि जमिनीकडे बघू लागते. ती मागच्या गाडीला दिसत नाही, आणि सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प उतरताना तिची खालची कड घासते. ब्रॅकेटमध्ये पाचर घालून ती शक्य तितकी उभी करा.

९. प्लेट खाली बंपरवर घेतली. आता मूळ दिवे तिच्यावर पडत नाहीत. काय करू?

बहुतेकांची गाडी इथेच अडकते. प्लेट आणि दिवा ही एकच वस्तू आहे असं समजा. एक हलवलं की दुसरं हलवायलाच लागतं.

दिवा प्लेटच्या वर आणि तिच्या पृष्ठभागापासून थोडा पुढे असायला हवा. तो प्लेटच्या अगदी अंगाला लागून असेल, तर प्रकाश पत्र्यावरून घसरत जातो: वरची कड पांढरीफटक, खालचे आकडे काळे. प्लेटच्या दिव्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचं नियमन क्रमांक ४ आहे. त्यात प्रकाशकिरण प्लेटवर ८२ अंशांपेक्षा जास्त तिरका पडू नये असं म्हटलंय. भूमिती सोपी आहे. दिव्यापासून प्लेटची सर्वात लांबची कड २०० मिलिमीटर खाली असेल, तर दिवा निदान २८ मिलिमीटर पुढे हवा. १२० च्या आडव्या प्लेटला १७ पुरतात. मी ३५ च्या आसपास ठेवतो, कारण ब्रॅकेट कधी ना कधी वाकतोच.

दोन ओळींच्या प्लेटमध्ये महत्त्वाचे चार आकडे खालच्या ओळीत असतात आणि प्रकाश नेमका तिथे कमी पोचतो. म्हणून एका दिव्याऐवजी दोन्ही बाजूंना एकेक घ्या. खालून वर प्रकाश टाकणारा दिवा मी लावत नाही. पुण्याच्या पहिल्या पावसात त्याच्यावर चिखलाचा थर बसतो आणि काम संपतं.

आणखी एक: मागून बघताना दिव्याचा बल्ब थेट डोळ्यांत यायला नको, फक्त उजळलेली प्लेट दिसायला हवी. दिव्याला छोटं टोपण असतं ते त्यासाठीच. शोभा म्हणून ते काढू नका.

तपासणी अशी: रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये पार्किंग लाइट लावा, गाडीच्या मागे साडेतीन गाड्यांच्या लांबीइतकं (साधारण १५ मीटर) अंतर पावलांनी मोजा आणि तिथून एखाद्या लहान मुलाला नंबर वाचायला सांगा. तुम्ही स्वतः वाचू नका. तुम्हाला तो पाठ आहे.

१०. बल्ब कुठला लागतो?

बहुतेक गाड्यांत १२ व्होल्ट ५ वॅटचा. एक प्रकार दोन्ही टोकांना टोपी असलेला फेस्टून, म्हणजे सी५डब्ल्यू, ३६ मिलिमीटरचा. दुसरा काचेच्या बुडाचा डब्ल्यू५डब्ल्यू, ज्याला नाना पेठेत सगळे टी१० म्हणतात. फेस्टून ३१ आणि ४१ मिलिमीटरमध्येही मिळतो. जुना बल्ब सोबत नेऊन माप जुळवा. क्लिप वाकवून ४१ चा कोंबला, की क्लिपचा ताण जातो आणि पुढे मूळ मापाचा बल्बही खड्ड्यात हादरला की लुकलुकतो.

११. एलईडी लावला आणि डॅशवर बल्ब गेल्याची सूचना आली. दिवा तर लागतोय!

गाडीला तुमचा दिवा दिसत नाही, तिला करंट दिसतो. ५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला साधारण ०.४२ अँपियर घेतो, अर्ध्या वॅटचा एलईडी ०.०४. गाडीचा संगणक म्हणतो, बल्ब उडाला. काही गाड्या मग तो सर्किट बंदही करतात.

कॅनबस लिहिलेला एलईडी म्हणजे आतच रेझिस्टर घालून करंट वाढवलेला. तो गरम होतो. बंद, प्लास्टिकच्या छोट्या घरात त्याने लेन्स पिवळी पडलेली मी पाहिली आहे. वेगळा रेझिस्टर लावणार असाल, तर तो पत्र्याला स्क्रूने बसवा, प्लास्टिकला किंवा वायरिंगला चिकटवून नको. माझं सरळ मत: ज्या गाडीत मूळ फिलामेंट बल्ब आहे तिथे चांगल्या कंपनीचा फिलामेंट बल्बच घाला. स्वस्तात काम होतं.

गाडी बंद असताना एलईडी मंद मिणमिणतोय, हेही याच कुळातलं. संगणक बल्ब तपासायला बारीक करंट सोडतो, त्यावर एलईडी जागा होतो. बिघाड नाही.

१२. दिवा कधी लागतो, कधी नाही. बल्ब तर नवा आहे.

बूट उघडा आणि बघा लागतो का. बंद करा, कोणाला तरी मागे उभं करा.

हा धडा मी माझ्याच गाडीवर शिकलो. चांदणी चौकाजवळ रात्री हवालदारांनी थांबवलं, मागे दिवा नाही म्हणाले. मी उतरून बूट उघडलं, दिवा लख्ख. "अहो, आहे की!" म्हणत बूट लावलं, दिवा गेला. परत उघडलं, आला. तिसऱ्या वेळी ते हसायला लागले आणि म्हणाले, "आता असंच उघडं ठेवून घरी जा."

बिजागरीजवळ रबराच्या नळीतून वायरी बूटमध्ये जातात. दर वेळी बूट उघडताना त्या तिथेच वाकतात आणि वर्षांनुवर्षांनी आतला तांब्याचा धागा तुटतो, वरचं प्लास्टिक मात्र धड राहतं. रबर मागे सरकवून एकेक वायर हलकेच ओढा. तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते. नुसती पिळून टेप गुंडाळू नका. नवा लवचीक तुकडा घालून सोल्डर करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर ठेवा.

वायर धड निघाली तर होल्डर बघा. संपर्कावर हिरवट थर असेल, तर बारीक पॉलिश पेपरने घासा. मग मल्टिमीटरने बल्ब लावलेला असतानाच व्होल्टेज मोजा. बल्ब काढून मोजलं, की खराब अर्थिंगसुद्धा १२ व्होल्ट दाखवून तुम्हाला फसवतं.

१३. रात्री पुढे दिवे दिसतात, तरी मागची प्लेट अंधारात. फ्यूज गेला का?

आधी स्विच बघा. पुढे लागलेत ते डीआरएल, म्हणजे दिवसाही आपोआप लागणारे दिवे, असतील. ते लागले म्हणून टेललॅम्प आणि प्लेटचा दिवा लागतोच असं नाही. जंगली महाराज रस्त्याच्या झगझगाटात हेडलाइट लावायचं राहून जातं आणि डॅश कायम उजळलेला असल्याने लक्षातही येत नाही. स्विच ऑटोवर ठेवायची सवय लावा.

१४. दिव्याच्या घरात पाणी साचतं.

लेन्स खाली तोंड करून असते, त्यामुळे तिथे पाणी वरून, गॅस्केटमधून शिरतं. गॅस्केट बदला. सिलिकॉनने चारी बाजू बुजवू नका, आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाटच उरत नाही.

१५. निळसर किंवा लाल दिवा लावला तर?

पांढराच, असं नियमात लिहिलंय (प्रश्न १). बर्फासारखा निळा एलईडी पांढरा म्हणून विकला जातो, तोही नको.

१६. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं कव्हर, धुरकट कव्हर किंवा बटणावर पलटणारी फ्रेम?

पलटणारी फ्रेम म्हणजे नंबर लपवण्याचं यंत्र, त्यावर बोलायचंही कारण नाही. धुरकट कव्हर त्याचंच गरीब भावंड. साध्या पारदर्शक कव्हरचा त्रास वेगळा. त्यावर दिव्याचा पांढरा डाग पडतो, नेमका आकड्यांवर, आणि वर्षभरात ते ओरखड्यांनी दुधाळ होतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची आयटीएमएस यंत्रणा आहे. कॅमेऱ्याने एक आकडा चुकीचा वाचला तर चलान भलत्याच माणसाच्या घरी जातं. तुमच्या घरी तसं दुसऱ्याचं आलं, तर कसं वाटेल?

सजावटीची फ्रेम चालते, पण तिने होलोग्राम, आयएनडी आणि लेझरचा क्रमांक झाकता कामा नये.

१७. आकडे मराठीत लिहिले तर? ४१४१ चं "दादा" छान दिसतं.

दिसतं, कबूल. पण नियम ५० नुसार अक्षरं इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय पद्धतीचेच हवेत. मराठीचा अभिमान मलाही आहे. तो मागच्या काचेवर, दिसण्याच्या आड येणार नाही अशा कोपऱ्यात दाखवा. ८०५५ चं "बॉस" करणाऱ्यांनाही हेच उत्तर.

१८. बंपर रंगवायला काढायचाय. स्नॅप लॉक तोडावे लागतील?

प्लेट प्रश्न ६ प्रमाणे बेसवर असेल, तर नाही. बंपर प्लेटसकट उतरतो, रंगवताना प्लेट मास्किंगने झाकतात. तीच ब्रॅकेट पद्धतीची खरी कमाई. लॉक तुटलेच तर साधे स्क्रू मारून विषय संपवू नका, केंद्रावर जाऊन नवे लॉक बसवून घ्या. प्लेटच हरवली किंवा चोरीला गेली, तर आधी पोलिसात तक्रार, मग नवी प्लेट.

१९. आजोबांची साठच्या दशकातली ब्रिटिश टू-सीटर आहे. एलईडी लागतच नाही.

बॅटरी बघा. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा धन ध्रुव बॉडीला जोडलेला असे. साध्या बल्बला दिशा कळत नाही, एलईडीला कळते. सोपा उपाय म्हणजे फिलामेंट बल्ब. एलईडी हवाच असेल तर दोन्ही दिशांना चालणारा मागा. धातूच्या घराचा एलईडी असेल तर ते घर आतून कुठल्या ध्रुवाला जोडलंय हे तपासल्याशिवाय बॉडीला लावू नका, फ्यूज उडेल. फ्यूज असेल तर.

अशा ५० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. त्यांच्या नंबरात राज्याच्या कोडनंतर व्हीए अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मात्र मग ती गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही.

२०. इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारच्या हिरव्या प्लेटला काही वेगळं?

दिव्याचा नियम तोच. हिरव्यावर पांढरी अक्षरं मंद, पिवळट उजेडात लवकर विरतात, म्हणून प्रश्न ९ ची तपासणी टाळू नका. या गाड्यांत बहुधा मूळचाच एलईडी असतो. तो गेला तर बल्ब नाही, अख्खं युनिट बदलतं.

२१. कन्व्हर्टिबलला एचएसआरपीचा तिसरा स्टिकर (काचेवर लावायची, स्टिकरच्या रूपातली तिसरी नंबर प्लेट) कुठे लावायचा? छत तर कापडी आहे.

छताचा संबंध नाही. विंडस्क्रीनच्या आतून, डाव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात. काच बदललीत तर नवा स्टिकर घ्यायला विसरू नका.